बिजलीबाईला येणारा वास

पूनमसिंगनं गाडी आणली त्या दिवशी अख्खा तांडा तिच्यात बसून गेला. पोरं बसली, पोरांचे बाप बसले, तांड्याचा नायक धोतर सावरत बसला आणि बूड जमिनीला टेकतंय की काय या भीतीनं लगेच उठलाही. जिच्यासाठी गाडी आणली होती ती बिजलीबाई तेवढी बसली नाही.

बिजलीबाई म्हणजे पूनमसिंगची बायको. हातातलं काम टाकून, पदराला हात पुसत ती आली होती. गाडीभोवती तिनं एक पुरी चक्कर मारली, लाल रंगावरून बोट फिरवून पाहिलं, आणि तिच्या गालावर हसू फुटायला लागलं. मग दारापाशी वाकून तिनं आत डोकं घातलं आणि ते हसू गेलं. पदर नाकाला लावून ती मागं सरली.

"वास येते," ती म्हणाली.

"कायचा?"

"गाडीचा. मी नाई बसत."

"गाडीले गाडीचा नाई तं का मोगऱ्याचा वास येईन?" पूनमसिंगनं विचारलं खरं, पण ऐकायला ती होती कुठं? ती केव्हाच चुलीपाशी पोचली होती. एवढ्या माणसांत पूनमसिंगचं तोंड एवढंसं झालं.

आता ही गाडी कुठली, ते सांगायला हवं. गाडी विलायती, साठ-पासष्टच्या सुमाराची, दोन दारांची, वर कापडी टप, आणि बसक्या अंगाची. दारव्ह्याच्या एका जिनिंगवाल्या शेठजींनी ती तरुणपणी हौसेनं आणली होती. आणल्यावर त्यांनी दारव्ह्याचे रस्ते पाहिले आणि गाडी शेडमध्ये ठेवून दिली. पुढं शेठजी गेले, जिनिंग बंद पडलं, नातवंडं पुण्याला गेली. सरकीच्या धुळीखाली गाडी तशीच पडून राहिली. शेड पाडायची ठरली तेव्हा भंगारवाला येऊन तिच्याकडे बघायला लागला, कसाई बकऱ्याकडे बघतो तसा. नेमका पूनमसिंग तिथून चालला होता. तो एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून नुकताच निवृत्त झालेला, हात स्टेअरिंगवाचून शिवशिवत होते. त्यानं भंगाराच्याच भावात गाडी उचलली आणि अब्दुल गनीच्या गॅरेजात नेऊन टाकली. गनी त्याच डेपोच्या वर्कशॉपमधला जुना मेकॅनिक, पूनमसिंगच्या दोन वर्षं आधी निवृत्त झालेला. पावसाळाभर दोघांनी मिळून गाडी उघडली, जोडली, रंगवली, आणि दिवाळी झाल्यावर ती तांड्यावर आली.

तांड्यानं अर्थातच टिंगल केली. "दोनच शिटा?" लोक म्हणाले. "आपल्यात एकाले दवाखान्यात न्याचं तं अकरा जन जाते. बाकीचे नऊ का टपावर बसवतं, पूनमसिंग?"

पूनमसिंग नुसता हसायचा. दोनच सीट आहेत म्हणूनच तर त्यानं ती घेतली होती. पण हे चारचौघांत सांगायचं कसं?

त्याची सगळी नोकरी उमरखेडच्या मुक्कामी गाडीवर गेली. म्हणजे तिसऱ्या प्रहरी घरून निघायचं, रात्र उमरखेडला काढायची, दुसऱ्या दिवशी परत यायचं, जेवायचं, झोपायचं, की पुन्हा निघायचं. बिजलीबाईचं माहेर उमरखेडकडचं. वर्षातून एखाद वेळी तीही त्याच गाडीनं जायची. पण कशी? गाठोडं मांडीवर घेऊन, मागं खिडकीपाशी. पुढं नवरा, मध्ये पन्नास माणसं, दोन कोंबड्या आणि कंडक्टरची घंटी. पूनमसिंग तिला आरशात बघायचा. त्याच्या डोक्यावर पाटी होती, चालकाशी बोलू नये. बिजलीबाईला वाचता येत नव्हतं, तरी ती पाटी तिनं जन्मभर पाळली.

तेव्हाच पूनमसिंगनं मनाशी गाठ मारली होती, की एक दिवस हिला बाजूला बसवून उमरखेडपर्यंत न्यायचं. मध्ये कोणी नको, मागं कोणी नको, घंटी नको. ही गाडी पाहिली तेव्हा त्याला वाटलं, देवानं खास आपल्यासाठीच घडवून ठेवली आहे, तिसऱ्याला जागाच नाही! आणि आता गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर तयार होता, आणि एकुलती एक सवारी नाकाला पदर लावून चुलीपाशी बसली होती.

*

वास होता हे खरंच. पूनमसिंगला स्वतःला फारसा यायचा नाही, पण शेजारच्या रामीबाईनंही नाक मुरडलं तेव्हा त्याला मान्य करावं लागलं. पेट्रोल कुठून तरी झिरपतंय, असं त्यानं ठरवून टाकलं. ड्रायव्हर माणूस, पहिल्यांदा घरगुती उपाय करून बघणारच. त्यानं डॅशबोर्डवर अगरबत्ती लावली. बिजलीबाईनं अंगणातून ते पाहिलं, भरली बादली उचलली आणि अगरबत्ती, डॅशबोर्ड आणि नवरा, तिन्ही एका दमात विझवले.

"पेट्रोलच्या गाडीत इस्तव लावता?" ती ओरडली. "नोकरीत अशीच चालवली का गाडी?"

मग त्यानं कापूर ठेवून पाहिला. संत्र्याची सालं सीटखाली पसरून पाहिली. तिनं दारापासूनच हुंगलं आणि सांगितलं, "आता संत्र्याचाबी येते अन् थोबी येते." असल्या नाकापुढं कोणाचं काय चालणार? शेवटी एका सकाळी पूनमसिंगनं सवयीप्रमाणे टाकीत काठी घालून पेट्रोल पाहिलं, काठी पुसून ठेवली, आणि गाडी काढून दारव्ह्याला गनीकडे गेला.

गनीनं सगळं ऐकून घेतलं आणि अगरबत्तीपाशी आल्यावर कपाळाला हात लावला. "पूनमभाऊ, तू जित्ता हायेस हे भाभीचे उपकार हायेत," तो म्हणाला. "आन इकडं. वास म्हंजे चोर हाय. त्याले पावलावरून धराचं असते."

गनीची चोर धरायची रीत जुनी आणि साधी होती. शाळेतला खडू कुटून तो त्याची भुकटी करी आणि फडक्यात बांधून ठेवी. ती पुरचुंडी त्यानं इंजिनवर, पाइपांवर, प्रत्येक सांध्यावर हळूहळू आपटली. सगळं पांढरं झालं. मग इंजिन चालू करून दोघं चहा पीत बसले. पेट्रोल जिथं झिरपतं तिथं भुकटी ओली होऊन काळी पडते. चहा संपला तेव्हा कार्बोरेटरच्या पोटाखाली एक काळा ठिपका उमटलेला होता.

"हे पाय," गनी म्हणाला. "आतली सुई घासली. पेट्रोल पोट भरल्यावरबी पेतच राह्यते, मंग उतू जाते. आपल्या पिंटू कंडक्टरसारखं."

गनीनं सुई बदलली. पूनमसिंग शीळ वाजवत तांड्यावर आला आणि दार उघडून उभा राहिला. बिजलीबाई आली, वाकली, हुंगलं. "कमी झाला," ती म्हणाली. पूनमसिंगचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ती पुढं म्हणाली, "पन येते."

दुसऱ्या खेपेला काळा ठिपका मागच्या रबरी पाइपावर निघाला. गनीनं पाइप दाबला तर बोटांना काळा चिकटा आला. हल्लीच्या पेट्रोलात स्पिरिट मिसळलेलं असतं, आणि साठ वर्षांच्या म्हाताऱ्या रबराला ते सोसत नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. टाकी रिकामी करून त्यानं सगळे पाइप नवे घातले. तांड्यावर परत. बिजलीबाईनं वाकून हुंगलं. "येते."

तिसऱ्यांदा टाकीच्या झाकणाचं वॉशर निघालं. या गाडीची टाकी सीटच्या मागंच, झाकण वरून, त्यामुळे चोर इथंच बसला असणार अशी गनीची खात्री पटली. त्यानं ट्यूबचं रबर कापून झकास वॉशर बनवलं, टाकी पुन्हा उपसली, तळ तपासला. नंतर खडूची भुकटी मारली तेव्हा अख्खी गाडी चुना मारलेल्या भिंतीसारखी पांढरी दिसत होती आणि एकही ठिपका काळा पडला नाही. रामीबाईनं येऊन हुंगलं, नायकानं हुंगलं. कोणालाच काही आलं नाही. बिजलीबाई आली, वाकली. पूनमसिंगनं श्वास रोखून धरला.

"येते," ती म्हणाली आणि घरात गेली.

आता हा गनीच्या इज्जतीचा सवाल झाला. वर्कशॉपमध्ये त्यानं नाही म्हणणाऱ्या इंजिनांना बोलतं केलेलं, आणि इथं एक बाई नाक वाकडं करून त्याचं सगळं काम पाण्यात घालत होती. वैतागून तो म्हणाला, "भाऊ, गाडीत आता वास नाई. मी कुरानवर हात ठेवून सांगतो. वास आता भाभीच्या नाकात बसला हाय."

हे वाक्य गॅरेजात बोलायचं आणि गॅरेजातच ठेवून यायचं होतं. पण तीस वर्षं सवाऱ्या सांभाळलेल्या माणसाला एवढी अक्कल नसावी? पूनमसिंगनं ते जेवताना, तोंडात घास असताना, बायकोला जसंच्या तसं सांगितलं. बिजलीबाईनं भाकर त्याच्या ताटात ठेवली, जरा लांबूनच. त्यानंतर तिनं तोंड उघडलं नाही. भाजी अळणी झाली तरी ती गप्प, तो मुद्दाम 'छान झाली' म्हणाला तरी गप्प. पूनमसिंग घाबरला. भांडणारी बिजली त्याला ठाऊक होती, ही गप्प बसलेली त्याला नवी होती.

आणि एका सकाळी तो उठून पाहतो तर ती घरातच नाही. रामीबाईनं कुंपणावरून सांगितलं, "गेली थे दारव्ह्याले. काळीपिवळीत बसून."

पूनमसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात विलायती गाडी, आणि बायको काळ्यापिवळ्या जीपमध्ये चौदा माणसांत कोंबून घेऊन गेलेली! तो तोंडसुद्धा न धुता गाडी काढून निघाला.

*

गनीच्या गॅरेजपुढं ती आडव्या ठेवलेल्या टायरवर बसली होती, हातात चहाची कपबशी. गनी समोर उभा, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखा.

"मी भाभीले माफी मांगून राह्यलो," तो पूनमसिंगला पाहून घाईनं म्हणाला. "तू सांगतलंस कायले पन?"

"माफी नोको, गनीभाई," बिजलीबाई म्हणाली. "माझ्या नाकात वास बसला ना? तं थो कुठून आला, थे पाहाले आली मी. बॉनेट उघडा. अन् दोघंबी दूर व्हा. तुमच्या आंगाचा येते."

दोघं निमूट मागं सरले. बिजलीबाईनं पदर कमरेला खोचला आणि बॉनेटपासून सुरुवात केली. बाजारात खरबूज निवडताना हुंगतात तशी ती हुंगत होती, डोळे मिटून, घाई न करता. कार्बोरेटरपाशी थांबली. "इथं पेट्रोलचा जरासा येते. हा नाई." पुढं सरकली. पंपापाशी वाकली. "इथंबी पेट्रोलच. हा नाई."

गनी आणि पूनमसिंगनं एकमेकांकडे पाहिलं.

"भाभी," गनी चाचरत म्हणाला, "पेट्रोलचा नाई, तं मंग आपन कोनता वास शोधून राह्यलो?"

"तुमी कोनता शोधून राह्यले थे तुमाले माहीत. मले डिझलचा येते."

"डिझल?" पूनमसिंग म्हणाला. "बिजली, हे पेट्रोलची गाडी हाय. जन्मापासून डिझलचा थेंब नाई गेला तिच्या पोटात."

"मले नाई माहीत तिच्या पोटात काय गेलं थे. जन्म गेला माझा तुमचे सदरे धुता धुता. सोडा टाकून पाह्यला, रिठे टाकून पाह्यले, लिंबू घासला. डिझलचा वास मले समजत नाई का?"

"मंग तू पेट्रोल काहून म्हनत होतीस?"

"म्या?" तिनं कमरेवर हात ठेवले. "म्या पेट्रोल म्हटलं कधी? मी म्हटलं वास येते. पेट्रोल तुमी म्हटलं, या गनीभाईनं म्हटलं. मले कोनी इचारलं का, कोनता येते म्हून?"

पूनमसिंगनं आठवून पाहिलं. कोणीही विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं 'कायचा' म्हटलं होतं, तिनं 'गाडीचा' म्हटलं, आणि तेवढ्यावर तो महिनाभर पेट्रोलच्या मागं धावत सुटला होता.

बिजलीबाई तोवर दारापाशी आली होती. ड्रायव्हरच्या बाजूला हुंगून तिनं मान हलवली. मग दोन्ही सीटांच्या मागं, टाकीच्या अलीकडे, हात घातला आणि बारदान्यात गुंडाळलेली एक लांबट वस्तू ओढून काढली. ती नाकाजवळ नेलीच नाही तिनं. हात लांब करून, तोंड फिरवून, दोघांसमोर धरली.

"हे घ्या," ती म्हणाली.

बारदाना सुटून खाली पडला. आत काठी होती. बांबूची, हातभर नव्हे, चांगली दीड हाताची, वापरून काळी-तुकतुकीत झालेली, एका टोकाला चाकूनं पाडलेल्या खाचा.

दोघंही त्या काठीकडे बघत राहिले. गनीनं पावसाळाभर ती काठी रोज पाहिली होती. टाकी उपसताना त्यानंच ती उचलून बाजूला ठेवली होती आणि काम झाल्यावर त्यानंच परत जागेवर टाकली होती. पण ड्रायव्हरनं तेलाचा काटा पाहायचा नसतो, काठी टाकून पाहायची असते, ही त्यांच्या उस्तादांची शिकवण. काट्यावर विसंबला तो रस्त्यावर बसला, असं उस्ताद म्हणायचे. म्हणून त्या काळच्या प्रत्येक ड्रायव्हरपाशी आपली काठी असायची, आणि प्रत्येक मेकॅनिकला ती दिसायची, म्हणजे दिसायची नाही, आपल्याच पायातली चप्पल दिसत नाही तशी. निरोपसमारंभात पूनमसिंगला शाल आणि नारळ मिळाला. नारळ खाल्ला, शाल पोरीला दिली. काठी तेवढी त्यानं गुपचूप बसमधून काढून घरी आणली होती, आणि गाडी घेतल्यावर काठीच्या खालच्या टोकाला नव्या टाकीच्या मापाच्या खाचा पाडल्या होत्या.

गनीनं काठी हातात घेऊन नखानं खरवडली आणि खो खो हसत सुटला. "तीस वर्षांचं डिझल पेलं या बांबूनं! अन् तू रोज सकाळी इले पेट्रोलात बुचकाळून राह्यला! अरे, पेट्रोल आतलं डिझल सोडवून वर आनते अन् सोता उडून जाते. डिझल रोज ताजं, बारदान्यात मुरवलेलं. लोनचं घातलंस तू, भाऊ, लोनचं!"

"पन आपल्याले काहून नाई आला वास?"

"आपली नाकं डेपोतच रिटायर झाली," गनी डोळे पुसत म्हणाला.

पूनमसिंगलाही हसू आवरेना. डोक्यावरून ओझं उतरलं होतं. चोर सापडला, आणि तो आपल्याच घरचा निघाला. हसता हसता त्यानं बिजलीबाईकडे पाहिलं, आणि त्याचं हसणं थांबलं. ती हसत नव्हती.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "सापडला ना?"

"सापडला," ती म्हणाली. टायरवर पुन्हा बसली. कोणाकडे न बघता बोलायला लागली. "तुमी घरी येत. आंग धूत, जेवत, निजत. अन् उठून जात. वास मातर जाये नाई. थो खुंटीवरच्या सदऱ्यात राहे, उशीत राहे. सुरभी लहान होती तं शाळेतून आल्यावर पयले खुंटीपाशी जाये. सदरा नाकाले लावे अन् मले इचारे, बा येऊन गेला का?"

गनीनं काठी भिंतीला टेकवली, गुपचूप पाना उचलला आणि कोपऱ्यात जाऊन काहीतरी शोधायला लागला.

"तुमी रिटायर झाले तवा म्या सगळे सदरे जाळले," बिजलीबाई म्हणाली. "म्हटलं, सुटली मी. अन् तुमी एवढ्या हौसेनं गाडी आनली. आत डोकं घातलं तं थोच वास. मले वाटलं, आता हे पुन्हा जाते."

पूनमसिंग उभाच होता. सुरभी सासरी पुसदला, तिचीही पोरं आता शाळेत जाणारी. खुंटीपाशी उभी राहणारी सुरभी त्यानं कधी पाहिलीच नव्हती, कारण ती तिथं उभी राहायची तेव्हा तो रस्त्यावर असायचा. आपण किती वर्षं घरात नव्हतो, हे त्याला त्या घटकेला कळलं. इतकी वर्षं आरशात बघितलं म्हणजे बायकोकडे बघितलं, असं तो समजत आला होता.

"तू सांगतलं काहून नाई?" तो कसाबसा म्हणाला.

"चालकाशी बोलू नये, अशी पाटी होती ना," ती म्हणाली. "सुरभीनं वाचून दाखवली होती मले एकदा."

पूनमसिंगनं भिंतीला टेकवलेली काठी उचलली. "इचं काय करू?"

"चुलीत घालू नोको म्हंजे झालं," गनी कोपऱ्यातून म्हणाला. "मोहल्ला उडवशीन."

"मी कुठी फेका म्हनून राह्यली?" बिजलीबाई म्हणाली. "नोकरी केली तुमी तिच्यावर. फकत मी बसन तिथं नोको."

काठी गनीच्या टिनाच्या शेडमध्ये आढ्याला खोचून ठेवली. बारदाना फेकला. मग गनीनं साबणाचं पाणी आणलं, आणि तिघांनी मिळून सीटांच्या मागचा भाग घासून काढला. टप खाली पाडून गाडी दिवसभर उन्हात उभी केली. संध्याकाळी बिजलीबाई वाकली, डोळे मिटून हुंगलं. पूनमसिंग आणि गनी शेजारी शेजारी उभे होते, निकाल ऐकायला आलेल्या पोरांसारखे.

"नाई येत," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडा पुन्हा गोळा झाला. पहिली सवारी उमरखेडचीच असं दोघांचं ठरलं होतं, म्हणून बिजलीबाई आदल्या संध्याकाळी काळीपिवळीनंच परतली होती. ती नवं लुगडं नेसून आली, पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली घट्ट बांधला, शिदोरीचं गाठोडं आणि चार सीताफळं मांडीवर घेतली आणि बसली. नायक म्हणाला, "बिजलीबाई, जमीन लागते का?" ती म्हणाली, "लागू द्या. चालून तं नाई जा लागत." लोक हसले. पूनमसिंग सवयीनं उतरून टाकीच्या झाकणाकडे निघाला, हात काठीसाठी मागं गेला आणि रिकामा परत आला. काटा अर्धी टाकी दाखवत होता. ठीक आहे, त्यानं स्वतःला समजावलं, काट्यावर माणसांनी विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे. आणि गाडी निघाली.

दारव्हा मागं पडेपर्यंत ती काही बोलली नाही. दोन्ही हातांनी गाठोडं धरून समोर बघत होती. आर्णीच्या रस्त्याला लागल्यावर मात्र दोन्ही बाजूंनी पिवळी फुललेली तूर आणि फुटलेला कापूस, वरून कोवळं ऊन, आणि वारा सरळ तोंडावर. एका ट्रकच्या ड्रायव्हरनं गाडी पाहून हॉर्न वाजवला, पूनमसिंगनं उलटा वाजवला.

"ओ सुरभीचे बा," बिजलीबाई म्हणाली, "आता चालकाशी बोललं तं चालते का?"

"बोल ना!" पूनमसिंग म्हणाला, आणि इतक्या जोरात म्हणाला की तिला हसू आलं.

मग ती जी सुटली! वावरातून पळणारं रानडुक्कर, रामीबाईच्या सुनेचं काय बिनसलं, लग्नात आपल्याला पूनमसिंगचे कान कसे मोठे वाटले होते, भावाला आता कसं कमी ऐकू येतं, सगळं ती सांगत होती, वाऱ्यावर आवाज चढवून. पूनमसिंग ऐकत होता. मध्येच तो तिच्याकडे वळून बघायचा आणि ती ओरडायची, "समोर पाहा!" एवढं सुख आपल्या वाट्याला येईल असं त्याला वाटलं नव्हतं. उमरखेड अजून लांब होतं ते बरंच होतं.

आणि आर्णी यायच्या थोडं अलीकडे गाडीनं दोन आचके दिले, एक खोकला दिला आणि ती रस्त्याच्या कडेला, एका लिंबाखाली, शांतपणे उभी राहिली.

पूनमसिंगनं काट्याकडे पाहिलं. अर्धी टाकी. त्यानं बोटानं काचेवर टकटक केलं. अर्धी टाकी. त्याचे ते मोठे कान लाल झाले. गनीनं दोनदा टाकी उपसली होती. निम्मं पेट्रोल पार्ट धुण्यात गेलं होतं, बिजली गप्प झाल्यापासून त्यालाही काठी घालायचं भान राहिलं नव्हतं, आणि काटा कुठल्या तरी जुन्या आठवणीवर अडकून बसला होता. सगळ्या नोकरीत त्याची गाडी तेलावाचून कधी उभी राहिली नव्हती. एकदाही नाही. आणि आज, या दिवशी, हिच्यासमोर!

"काय झालं?" बिजलीबाईनं विचारलं.

"पेट्रोल संपलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. मग धडपडून उतरला आणि मागून रिकामा डबा काढला. "तू बस. आर्णी काई दूर नाई. एखादी मोटरसायकल भेटन, मी आत्ता जातो अन् हा आत्ता येतो."

हे त्याच्या तोंडून गेलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. डबा हातात धरून तो तिथंच थबकला.

बिजलीबाई त्याच्याकडे बघत होती. आधी तिच्या ओठांचा कोपरा हलला, मग खांदे हलायला लागले, आणि ती हसायला लागली, पदर सुटून केस वाऱ्यावर येईपर्यंत.

"लय बेस झालं," ती म्हणाली. "आता कुठी जासान?"

पूनमसिंगनं डबा खाली ठेवला. दार उघडून तो तिच्या बाजूला येऊन बसला. तिनं सीताफळ फोडून अर्धं त्याच्या हातात दिलं. त्यानं खिशातून फोन काढून गनीला लावला. गनीनं ऐकलं, पोटभर हसला, आणि म्हणाला की डबा भरून घेऊन या घडीला निघतो, तासाभरात पोचतो.

"नाई, गनीभाई," पूनमसिंग म्हणाला. "तू चहापानी कर. जेवून घे. अन् मंग निंग. आमाले कायचीबी घाई नाई."

त्यानं फोन खिशात ठेवला आणि सीताफळाची बी रस्त्यापलीकडे थुंकली. बिजलीबाई आपल्या भावाची गोष्ट पुढं सांगायला लागली.